प्रश्नावली कोणाच्या हातात?

9 मे 1916 रोजी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला या निबंधाचे नाव ठाऊक असते. पण त्यात बाबासाहेबांनी नेमके काय सिद्ध केले, असे विचारले तर भलेभले अडखळतात. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात म्हणजे लग्नसंबंधांचे बंद केलेले वर्तुळ. हे वर्तुळ बंद ठेवायचे असेल तर आतल्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जास्तीची' ठरते. मग तिला चितेवर जाळा, नाहीतर जन्मभर वैधव्यात कोंडून ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र वयात न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी म्हणजे जातीचे कुलूप आहे आणि त्या कुलपात स्त्री अडकवलेली आहे, असा त्या मांडणीचा अर्थ.

आज जगभरच्या विद्यापीठांत 'जेंडर स्टडीज' म्हणजे लिंगभाव अभ्यास नावाचे विभाग आहेत. तो शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी हे काम करून ठेवले होते. तरीही आपल्या वस्त्यांत आजही ऐकू येते, "जेंडर-बिंडर हा सवर्ण बायकांचा विषय, आपल्या मुलींनी त्यात काय करायचे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी 1916 चा निबंध उघडून पाहावा. हा विषय आपल्या घरातला आहे. आपण तो दुसऱ्यांच्या ताब्यात जाऊ दिला, एवढेच.

एका विषयाची बाजारपेठ

स्त्री-पुरुष समता आणि आंतरराष्ट्रीय विकास हे आज एक मोठे व्यावसायिक क्षेत्र आहे. 1970 साली एस्टर बोसरप या अर्थतज्ज्ञ बाईंनी आर्थिक विकासातील स्त्रियांच्या भूमिकेवर पुस्तक लिहिले आणि शेतात राबणारी बाई जगाच्या विकासाच्या हिशेबात कुठेच नाही, हे दाखवले. आपल्या देशात स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा 'समानतेकडे' हा अहवाल 1974 साली आला. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. 1979 साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याचा करार म्हणजे 'सीडॉ' मंजूर केला, भारताने तो 1993 साली स्वीकारला. 1995 साली बीजिंगची महिला परिषद झाली. 2010 साली 'यूएन विमेन' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 2015 साली जगातील राष्ट्रांनी शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली आणि त्यात पाचवे उद्दिष्ट स्त्री-पुरुष समतेचे आहे.

या प्रत्येक टप्प्याबरोबर नोकऱ्या निर्माण झाल्या. संशोधक, सल्लागार, प्रकल्प अधिकारी, मूल्यमापन तज्ज्ञ, प्रशिक्षक, अहवाल लेखक. दिल्ली, जिनिव्हा, न्यूयॉर्क, रोम येथील कार्यालयांत बसून गरीब स्त्रीच्या नावाने धोरणे ठरू लागली. प्रश्न असा आहे की, या शिडीच्या कोणत्या पायरीवर आपली बाई उभी आहे?

सगळ्यात खाली आहे माहिती देणारी बाई. तिच्या झोपडीत दोन-दोन तास बसून तिला विचारले जाते, नवरा मारतो का, पाणी कुठून आणता, किती मुले गेली. तिच्या वरच्या पायरीवर अंगणवाडीताई आणि आशाताई. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशाताईंचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. पण त्यांच्याच देशात त्यांना कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. पगार देत नाहीत, मानधन देतात. त्याच्या वर कंत्राटावर सर्व्हे करणाऱ्या मुली. इथपर्यंत बौद्ध, मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या समाजाच्या लेकी भरपूर दिसतात. त्याच्या वर मात्र आडनावे बदलत जातात. प्रश्नावली तयार करणारे, निधी मंजूर करणारे, अहवालावर सही करणारे बहुतेक दुसऱ्याच घरातले असतात. वस्ती आमची, आकडे आमचे, अश्रू आमचे आणि पुस्तकावर नाव त्यांचे. ही श्रमविभागणी नाही. बाबासाहेब जिला श्रमिकांची विभागणी म्हणत, तीच ही. फक्त नव्या इमारतीत.

नाव कोणाला मिळते?

काही दिवसांपूर्वी एक मुलगी सल्ला विचारायला आली. समाजकार्याची पदवी घेतलेली. तीन वर्षे एका संस्थेसाठी वस्त्यांमध्ये फिरून शेकडो स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून एक गाजलेला अहवाल निघाला. त्यात तिचे नाव नव्हते. आभाराच्या पानावर 'क्षेत्रीय चमू' असे दोन शब्द होते. "ताई, कायद्यात काही आहे का?" असे तिने विचारले.

कायदा काय म्हणतो ते सर्वांनीच समजून घेण्यासारखे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, नोकरीत असताना केलेल्या लेखनाचा पहिला मालक साधारणपणे मालक-संस्था असते. पण कलम 57 म्हणते की, हक्क विकले तरी लेखकाचा 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार शाबूत राहतो. मात्र हा अधिकार लेखकाचा आहे. माहिती गोळा करणाऱ्याचा नाही. ज्याने लिहिले त्याचे नाव, ज्याने पायपीट केली त्याचे आभार, असा कायद्याचा सरळ हिशेब आहे.

म्हणून या क्षेत्रातल्या आपल्या मुलींना माझे पहिले सांगणे हे की, कामावर रुजू होतानाच करारात लिहून घ्या: अहवालात माझे नाव कोणत्या शीर्षकाखाली येईल. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे: फक्त फॉर्म भरू नका. लिहा. टिपण लिहा, प्रकरण लिहा, विश्लेषण करा. लेखणी हातात आल्याशिवाय नाव येत नाही, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

विचारणारा बदलला की उत्तर बदलते

कोणी म्हणेल, संशोधन कोणीही करो, खरे बाहेर आले म्हणजे झाले. तसे होत नाही. जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचे उत्तर आकड्यात येत नाही.

2018 साली 'यूएन विमेन'ने शाश्वत विकास उद्दिष्टांवर एक जागतिक अहवाल काढला. त्यात भारतातील दलित स्त्री ही उच्चजातीय स्त्रीपेक्षा सरासरी 14.6 वर्षे लवकर मरण पावते, असे नमूद झाले. मृत्यूच्या वेळचे सरासरी वय एकीकडे 39.5 वर्षे आणि दुसरीकडे 54.1 वर्षे. हा आकडा मृत्यूच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नाही, हे भाषणात वापरताना आपल्या वक्त्यांनी लक्षात ठेवावे. पण तो जगापुढे आला कसा? मूळ अभ्यास भारतीय दलित अभ्यास संस्थेचा होता. 'स्त्री' या एका रकान्याच्या शेजारी 'जात' हा दुसरा रकाना कोणीतरी मांडला, म्हणून साडेचौदा वर्षांची दरी दिसली. रकाना नसता तर दोघींची बेरीज करून एकच सरासरी निघाली असती आणि आपल्या आया-बहिणी त्या सरासरीत गाडल्या गेल्या असत्या.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जातात, ही गोष्ट तांड्यावर आणि वस्तीवर सर्वांना माहीत होती. 2019 साली ओरड झाल्यावर सरकारी समिती नेमली गेली आणि सर्वेक्षण झाले. 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशभरातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. राष्ट्रीय सरासरीत बीडची बाई दिसत नव्हती. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीच्या दिवसांत कोयता थांबवता येत नाही, उचल फेडायची असते, हे ज्या घरात माहीत असते त्या घरातली मुलगी संशोधक झाली तर असा प्रश्न विचारायला वर्तमानपत्रातल्या बोंबेची वाट पाहावी लागणार नाही.

आता जगाच्या पातळीवर पाहा. शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांखाली 169 लक्ष्ये आहेत. लक्ष्य 10.2 मध्ये वय, लिंग, अपंगत्व, वंश, वांशिकता, मूळ, धर्म, आर्थिक व इतर दर्जा यांचा विचार न करता सर्वांना सामावून घ्या असे म्हटले आहे. या यादीत 'जात' नाही. ती चुकून राहिली असे समजण्याचा भोळेपणा आपण करू नये. 2001 साली दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा जातीचा विषय तिथे येऊ नये म्हणून भारत सरकारनेच विरोध केला होता. तरीही दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे गेले, बोलले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने वंशपरंपरेवर आधारित भेदभावात जातीचा समावेश होतो, असे आपल्या 29 व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले. सीडॉ समितीनेही 2007 आणि 2014 साली भारताचा आढावा घेताना दलित स्त्रियांवरील अत्याचारांची दखल घेतली. हे आपोआप झाले नाही. कोणीतरी पुरावे गोळा केले, इंग्रजीत अहवाल लिहिले, मुदतीत पोचवले. 1995 साली रूथ मनोरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला, तो याच जाणिवेतून.

संशोधनापासून न्यायालयापर्यंत

अभ्यासाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन खटले सांगते.

राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात भंवरीदेवी 'साथिन' म्हणून काम करीत. कुंभार समाजातल्या. विकासाच्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरची कार्यकर्ती. गावातल्या वरचढ जातीतला बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. परंतु स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 1997 साली 'विशाखा' निकाल आला. देशात कायदा नव्हता, तेव्हा न्यायालयाने सीडॉ कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 2013 साली त्याचाच कायदा झाला. आज बँकेतली, आयटी कंपनीतली, विद्यापीठातली प्रत्येक बाई त्या कायद्याचे संरक्षण घेते. किंमत मात्र खालच्या पायरीवरच्या बाईने मोजली.

दुसरा खटला पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. निकाल 27 एप्रिल 2021. पीडित मुलगी अंध, स्त्री आणि अनुसूचित जातीची. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशा स्त्रीवरचा अन्याय तीन वेगवेगळे तुकडे करून मोजता येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 साली मांडलेली 'इंटरसेक्शनॅलिटी'ची कल्पना न्यायालयाने सविस्तर उचलून धरली. चौकात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही रस्त्यांवरून येणारी गाडी उडवू शकते, तशी ही गोष्ट. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम झाली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा रद्द झाली. कारण, पीडिता अनुसूचित जातीची आहे 'म्हणून' गुन्हा केला असा वेगळा पुरावा सरकारी पक्षाने आणला नव्हता आणि गुन्हा घडला तेव्हाच्या जुन्या कलमाला तो लागत होता. पुढे दुरुस्ती झाली. 26 जानेवारी 2016 पासून आरोपीला पीडितेची जात माहीत होती एवढे पुरेसे आहे.

यातून काय शिकायचे? विद्वान बाईचा एक लेख सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या न्यायालयाची भाषा बदलतो. आणि त्याच निकालात, पुरावा कसा गोळा करावा हे न समजणाऱ्या यंत्रणेमुळे आपलीच मुलगी अर्ध्या न्यायावर परत येते. विचार आणि पुरावा, दोन्ही संशोधनाची कामे आहेत. दोन्हीकडे आपली माणसे हवीत.

आपली परंपरा

हे काम आपल्याला नवीन नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे आपल्या आज्यांनी घटस्फोटाचा अधिकार मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, कामगार स्त्रियांच्या रजेचे ठराव केले. आज कोट्यवधी रुपये खर्चून जे 'जेंडर धोरण' तयार होते, ते त्या अंगठाबहाद्दर बायांनी एका मांडवात मंजूर केले होते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले. मोजमाप हा शब्द लक्षात घ्या. ते अर्थशास्त्रज्ञ बोलत होते.

पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी नोकरी-घर सांभाळून गावोगाव फिरल्या. चळवळीतल्या म्हाताऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. 2008 साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि जगाच्या अभ्यासकांना ते वाचावे लागले. पुण्यातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. 2013 साली त्या गेल्या. त्या आपल्या समाजातल्या नव्हत्या, पण त्यांनी आपल्या बायांचे शब्द चोरले नाहीत, त्यांना लेखिका म्हणून समोर बसवले. सवर्ण विदुषींना आम्ही विरोध करतो तो त्यांच्या जन्मासाठी नव्हे, आमच्या वतीने बोलण्याच्या सवयीसाठी, हे यावरून समजावे.

बंद होणारी दारे

आता संकटाकडे वळू. बाबासाहेब ज्या वाटेने गेले ती वाट म्हणजे परदेशी शिष्यवृत्ती. सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंड दिले म्हणून 1916 चा तो निबंध लिहिला गेला. आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. 2022 साली तिच्या नियमावलीत एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे 'भारतातील जाती' या विषयावर अभ्यास करणाऱ्या तरुण भीमरावाचा अर्जच या अटीखाली बाद झाला असता! ऊसतोड स्त्रीवर लंडनला जाऊन पीएचडी करू पाहणारी मुलगीही त्यातच बाद. इंजिनिअर व्हा, जातीवर बोलू नका, असा त्याचा साधा अर्थ. जुलै 2025 मध्ये तर 106 विद्यार्थ्यांची निवड जाहीर होऊन सुरुवातीला फक्त 40 जणांनाच पत्रे दिली गेली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू, असे सांगण्यात आले.

राज्यातही वेगळे चित्र नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढल्यामुळे मोठा संप झाला. 2023 साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक मुला-मुलींना आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे ते मैदानात बसले.

नोकऱ्यांचेही तसेच. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी निधी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. दिल्लीतल्या मोठ्या संस्थेला याचा त्रास कमी. पण तिच्याकडून थोडा निधी घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या दलित स्त्रियांच्या छोट्या संस्थेचा श्वासच कोंडला. त्यावर 2025 साल उजाडले. अमेरिकेची 'यूएसएड' ही संस्था 1 जुलै 2025 पासून संपुष्टात आली. तिच्या पैशावर चालणारा जागतिक आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम त्याआधीच फेब्रुवारीत थांबवला गेला. ब्रिटनने आपली विकास मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. म्हणजे आपण शिडी चढायला लागलो आणि वरून शिडीच ओढून घेतली जात आहे.

म्हणून या क्षेत्रात डोळे झाकून उडी मारा, असे मी सांगत नाही. परदेशी निधीच्या भरवशावर आयुष्य बांधू नका. पण विद्या शिका. पैसा आटतो, विद्या आटत नाही. संख्याशास्त्र, कायदा, अर्थसंकल्प वाचण्याची कला, इंग्रजी लेखन, ही हत्यारे ज्या मुलीकडे आहेत तिला सरकारात, विद्यापीठात, न्यायालयात आणि चळवळीतही काम आहे.

घरच्यांचे आक्षेप

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, "एनजीओने चळवळ संपवली. पोरे मोर्चात यायची ती आता कार्यशाळेत बसतात." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पगार देणाऱ्याची भाषा तोंडात बसते, 'अत्याचार' हा शब्द जाऊन 'असुरक्षितता' येते, 'जात' जाऊन 'वंचित घटक' येतो, हे मी रोज पाहते. शिकलेल्यांबद्दल बाबासाहेबांनी 18 मार्च 1956 रोजी आग्र्याला जी व्यथा बोलून दाखवली, ती एनजीओवाल्यांनाही लागू आहे. पण बँकेत, मंत्रालयात, एलआयसीत गेलेल्यांना आपण समाजातून काढून टाकले नाही. त्यांच्याकडून आपण विहार बांधून घेतले. तसेच इथे करू. या मुलींकडून आपण आकडे मागू, अहवाल मागू, मोर्चाच्या निवेदनाला परिशिष्ट मागू.

दुसरा आक्षेप बंधूंचा. "बायकांचे वेगळे प्रश्न काढले की समाजात फूट पडते." हिंदू कोड बिलासाठी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या महामानवाच्या अनुयायांनी हे बोलावे? आपल्या किती संघटनांच्या कार्यकारिणीत स्त्रिया निर्णय घेणाऱ्या पदावर आहेत? जयंतीच्या मंचावर स्वागतगीताला मुली, भोजनदानाला बाया आणि माईकवर कोण? दुसऱ्याच्या शिडीवर बोट ठेवताना आपल्या घरचा जिना पाहिलेला बरा.

आता काय करायचे?

2011 च्या जनगणनेत बौद्ध स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण 74.04 टक्के होते आणि देशातील सर्व स्त्रियांचे 64.63 टक्के. ही धम्मक्रांतीची कमाई आहे. वाचायला शिकलो, आता मोजायला शिकू.

पहिले काम पालकांचे. मुलगी समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र घेते म्हणाली तर "त्याला स्कोप नाही" म्हणू नका. देशातील कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, तिने 7,24,115 स्त्रियांची माहिती घेतली. घाटकोपरच्या रमाबाई नगरातून आणि चेंबूर-गोवंडीच्या वस्त्यांतून ती संस्था बसच्या अंतरावर आहे. तिथे जगभरचे विद्यार्थी येतात. आपल्या शेजारच्या दाराची कडी आपण किती वेळा वाजवली? पुण्याचे स्त्री अभ्यास केंद्र, एसएनडीटी, टाटा संस्था ही नावे दहावीच्या मार्गदर्शन शिबिरात एमपीएससीच्या बरोबरीने सांगितली गेली पाहिजेत. परदेशात जायचे तर ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून बाबासाहेबांनी 1923 साली डी.एस्सी. घेतली, तिथेच आज लिंगभाव अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या दरवर्षी 75 जागा असतात. नियम बदलत राहतात, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता वर्षभर आधी जातवैधता, उत्पन्न दाखला आणि इंग्रजीची परीक्षा यांची तयारी करावी.

दुसरे काम विहारांचे. प्रत्येक शहरात निदान एका विहारात महिन्यातून एक रविवार अहवाल वाचनाला द्या. अर्थसंकल्पात स्त्रियांसाठीचा तक्ता 2005-06 पासून केंद्र सरकार छापते. अनुसूचित जाती घटक योजनेचा हिशेब वेगळा असतो. हे दोन्ही शेजारी ठेवून, दलित स्त्रीच्या वाट्याला नेमके काय आले हे मुलींना शोधायला लावा. हेच संशोधन. याला परदेशी निधी लागत नाही.

तिसरे काम वकील आणि कार्यकर्त्यांचे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची तरतूद आहे. स्वयंसेवी संस्थांमधून घ्यायच्या सदस्यांपैकी किमान एक स्त्री अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजाची असलीच पाहिजे, असे कलम 7 सांगते. आपल्या जिल्ह्याच्या समितीत ती कोण आहे? माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जागा रिकामी असेल तर आपल्या शिकलेल्या मुलीचे नाव सुचवा.

चौथे काम सर्वांचे. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जनगणनेत जातनिहाय मोजणीचा निर्णय घेतला आणि ही जनगणना 2027 ची आहे. त्या आकड्यांचे विश्लेषण कोण करणार? शाश्वत विकासाच्या लक्ष्य 17.18 मध्ये, देशाच्या परिस्थितीनुसार महत्त्वाच्या इतर बाबींप्रमाणेही आकडेवारी वेगळी करून द्यावी, असे म्हटले आहे. भारतात ती बाब जातच आहे. स्त्रियांविषयीचा प्रत्येक सरकारी आकडा जातनिहाय द्या, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात आता आली पाहिजे. आकडे बाहेर आले की त्यांचा अर्थ लावणारी पहिली लेखणी आपल्या लेकीची असावी, याची तयारी आजपासून हवी.

आपल्या आईने प्रश्नावलीच्या शेवटी अंगठा उठवला. आपण त्याच ठिकाणी उत्तर देणारी म्हणून सही करतो. आपल्या मुलीची सही पहिल्या पानावर, प्रश्न विचारणारी म्हणून असली पाहिजे. शिका म्हणजे एवढेच. संघटित व्हा आणि संघर्ष करा, हे त्याच्या पुढचे.

जय भीम!